एक दोष, दोन ओळी, चार आठवडे

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, केलेले संकल्प ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. दर वेळी त्यात श्रद्धा कमी पडलेली असते असं नाही. बहुतेकदा संकल्पच इतका मोघम असतो की तो पाळला का मोडला हे कळायला मार्गच नसतो. ‘यंदा जास्त प्रेमळ व्हायचं’ असं ठरतं. मग मंगळवारी सकाळी इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येऊन गेलेलं असतं, वरची टाकी अर्धीच भरलेली असते, खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी असते आणि ओला-सुका वेगळा करायचं कोणीतरी विसरलेलं असतं. त्या मिनिटाला प्रेमळ होणं म्हणजे नेमकं काय करणं, हे आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे तोंडातून नेहमीचंच निघतं.

ख्रिस्ती सद्गुण रुजायचे तर ते अशाच मिनिटांत रुजतात. त्यासाठी एक जुनी, पारखलेली रीत आहे. एका वेळी एकच दोष धरायचा, त्याच्या जागी कुठली कृती आणायची ते ठरवायचं आणि दिवसातून दोनदा वहीत नोंद करून देवासमोर त्याचा हिशेब द्यायचा. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांना ही रीत बसेल असं मला मनापासून वाटतं, कारण तिला वेगळी खोली लागत नाही, सुट्टी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय (८-९) सांगतो की तारण कृपेने आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांची कमाई नाही. मग वही कशाला? फिलिप्पैकरांस पत्रात (२:१२-१३) पौल एका दमात दोन्ही सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देवच आहे. पहिलं अर्धं सोडलं तर माणूस वर्षानुवर्षं तसाच राहतो. दुसरं सोडलं तर तो स्वतःच्या गुणांवर फुगतो किंवा स्वतःच्या दोषांखाली चिरडतो. म्हणून वही ही पुण्याची खतावणी नाही. देवाने कुठे काम चालवलंय आणि आपण कुठे अडवून धरलंय, एवढंच ती दाखवते.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली यादी आपल्या सगळ्यांना रविवारच्या शाळेपासून पाठ असते: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पाठ असल्यामुळेच नऊच्या नऊ एकदम हाती घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. नऊ गोष्टींवर लक्ष ठेवणारा माणूस दुपारपर्यंत एकीवरही लक्ष ठेवत नाही.

कुठला दोष धरायचा हे ठरवायला पहिले तीन दिवस फक्त नोंद करा, सुधारायचा प्रयत्न करू नका. कागदावर चार रकाने आखा: वेळ, जागा, कोणाशी, काय झालं. तिसऱ्या रात्री कागद वाचला की दिसतं की दोष दिवसभर पसरलेला नसतो, तो दोन-तीन ठरावीक ठिकाणी दबा धरून असतो. सकाळी सात ते साडेआठ. संध्याकाळी पलासिया चौकाच्या गर्दीतून घरी पोचल्यावरची पहिली वीस मिनिटं. रात्री मोबाईल हातात असताना. हे तीन दिवस लोक गाळतात आणि सरळ एखादा मोठा, भारदस्त दोष निवडतात. तिथेच बिघडतं.

निवडताना दोषाला मोजता येईल असं रूप द्या. ‘राग’ मोजता येत नाही, ‘आवाज चढवणं’ मोजता येतं. ‘अहंकार’ मोजता येत नाही, ‘समोरच्याचं बोलणं मधेच तोडणं’ मोजता येतं. ‘मत्सर’ आत असतो, पण ‘जो समोर नाही त्याच्याबद्दल कमीपणाचं बोलणं’ बाहेर ऐकू येतं. आळसासाठी ‘ठरलेली प्रार्थना पुढे ढकलणं’ धरा. दोष घरातल्यांना जाणवणारा असावा, हेही महत्त्वाचं. खात्री नसेल तर नवऱ्याला किंवा बायकोला विचारावं, उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

आता वही. ही पद्धत कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची. त्यांची साधनेची पुस्तिका १५४८ साली छापली गेली आणि तिच्यात हे सगळं अगदी तपशिलाने दिलेलं आहे. इथे काही घरांत कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. १८७७ साली कॅनडाचं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट, मिशन इंदूरला आलं, त्या वळणात वाढलेली आणि १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेली कुटुंबं ‘हे कॅथलिकांचं’ म्हणून बाजूला ठेवतात. पण प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असं पौलच करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ११:२८). ती परीक्षा महिन्यातून एकदा घाईघाईत करण्यापेक्षा रोज थोडी केली तर त्यात कुठल्याच मंडळीने हरकत घ्यावी असं काही नाही.

साधी रेघांची वही घ्या. एक पान म्हणजे एक आठवडा. पानावर सात जोड्या करून ओळी आखा, रविवारपासून शनिवारपर्यंत. प्रत्येक जोडीतली वरची ओळ सकाळ ते दुपारची, खालची ओळ दुपार ते रात्रीची. इग्नेशियस यांच्या मूळ आराखड्यात आठवडा पुढे सरकतो तशा ओळी आखूड होत जातात, कारण दोष घडला की द्यायचे ठिपके कमी होत जावेत ही आशा त्यात धरलेली आहे.

दिवसात तीन वेळा या कामाकडे वळायचं, त्यातला हिशेब दोनदाच. उठल्या उठल्या, मोबाईलला हात लावायच्या आधी, अर्धं मिनिट: ‘प्रभू, आज अमुक गोष्टीपासून मला सांभाळ.’ दोषाचं नाव घेऊन म्हणायचं. दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन मिनिटं उठल्यापासूनचा वेळ तासातासाने मागे पाहायचा आणि जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके वरच्या ओळीवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसंच, खालच्या ओळीवर. मधल्या वेळात दोष घडला की त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा आणि मनात पश्चात्ताप करायचा. चार माणसांत उभं असतानाही हे करता येतं, कोणाच्या लक्षात येत नाही. ही छोटी खूण फार उपयोगाची आहे, कारण तिच्यामुळे दुपारी आठवावं लागत नाही, हाताला आठवतं.

रात्री वरची आणि खालची ओळ ताडून पाहायची. दुसऱ्या रात्री आजचा दिवस कालच्याशी. आठवडा संपला की हे पान मागच्या पानाशी. बस, एवढंच.

रात्रीच्या हिशेबाला मात्र दहा मिनिटं द्यावीत आणि त्याचा क्रम मोडू नये. आधी दोन मिनिटं उपकारस्तुती, आजच्या ठोस गोष्टींबद्दल. मग एक मिनिट, ‘माझं मला दिसू दे’ अशी विनंती. मग चार मिनिटं दिवसाची उजळणी आणि ठिपके. मग दोन मिनिटं क्षमेची प्रार्थना. शेवटच्या मिनिटात उद्याची एखादी विशिष्ट वेळ डोळ्यांसमोर आणून तिथे काय करायचं ते ठरवायचं आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठायचं. उपकारस्तुती पहिली का? तिच्याशिवाय उजळणीला बसलं की माणूस एकतर स्वतःला झोडपतो किंवा दुसऱ्यांचे दोष मोजायला लागतो.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. इथे बरेच लोक वही सोडतात. दोष वाढलेला नसतो, तो दिसायला लागलेला असतो. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत धीर धरावा. दुपारचा हिशेब कार्यालयात चुकतो, त्यावर टिफिन धुऊन झाल्यावरची दोन मिनिटं हा चांगला उपाय आहे. मोबाईलवर ठिपके ठेवू नयेत. ठिपका द्यायला उघडलेला मोबाईल संदेशांकडे नेतो आणि परीक्षण तिथेच संपतं. वही कोणाला दाखवू नये आणि दुसऱ्याचे ठिपके मोजू नयेत. नवरा-बायकोने एकमेकांच्या वह्या तपासायला घेतल्या की चार दिवसांत त्याचं भांडण होतं.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे ठिपके नसलेला दिवस. लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशमांश देत होता. त्याचा हिशेब खोटा नव्हता, तो शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहून मांडलेला होता. कोरी ओळ दिसली की उपकार मानावेत आणि पान उलटावं.

याच्या उलट काही माणसं मुळातच अतिहळवी असतात, प्रत्येक विचाराला पाप म्हणतात, रात्र रात्र घोकत बसतात. अशांनी ठिपके मोजूच नयेत. त्यांनी पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोलावं, आणि झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टरांकडे जायला मुळीच संकोच करू नये.

आता दुसरी बाजू. नुसता दोष कमी करत गेलं तर जागा रिकामी राहते आणि तिथे दुसरा दोष येऊन बसतो. ओरडणं थांबवलेला माणूस अबोला धरतो, हे घरोघरी दिसतं. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय (२५-३२) यासाठी सावकाश वाचावा. तिथे पौल काढायला सांगतो आणि लगेच त्या जागी काय घालायचं तेही सांगतो. खोटं टाका, शेजाऱ्याशी खरं बोला. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, एवढ्यावर तो थांबत नाही: त्याने हातांनी कष्ट करावेत आणि गरजवंताला देण्यासाठी त्याच्याजवळ काही असावं. म्हणजे घेणारा हात देणारा झाला, तेव्हा ते काम पुरं.

म्हणून पानाच्या माथ्यावर दोषाशेजारी बदली कृती लिहा, आणि तीही तितकीच ठोस असू दे. ‘आवाज चढवणं’ याच्याशेजारी: ‘नाव घेऊन, जवळ जाऊन, एकच वाक्य.’ सकाळच्या त्या कचऱ्याच्या प्रसंगात स्वयंपाकघरातून ‘किती वेळा सांगायचं तुला?’ अशी हाक जाते, तिच्याऐवजी मुलापर्यंत चालत जायचं, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘सुका कचरा वेगळा करून खाली देऊन ये.’ चालत जाण्यात दहा सेकंद जातात आणि तेवढ्यात अर्धा राग उतरतो. मागच्या महिन्याची उदाहरणं त्या वाक्यात घालायची नाहीत. ‘पाठीमागे कमीपणाचं बोलणं’ याच्याशेजारी: ‘त्या माणसाची एक खरी चांगली गोष्ट सांगणं किंवा विषय बदलणं.’ कंजूषपणासाठी: घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला, न मागता. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं लेवीय १९:१३ मध्ये आहे, आणि आपण ती तीन-चार तारखेपर्यंत सहज लांबवतो, कारण त्या मागायला कचरतात हे आपल्याला माहीत असतं. न्याय हाही ख्रिस्ती सद्गुण आहे आणि तो घराच्या दारातच तपासला जातो.

सहनशीलतेबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण या गुणाच्या नावाखाली आपल्या मंडळ्यांत अन्याय झाकला जातो. मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, प्रार्थना कर, प्रभूनेही सोसलं’ असं सांगणं ही शिकवण नाही, ती पापाला दिलेली साथ आहे. प्रभूने स्वतःच्या इच्छेने प्राण दिला, दुसऱ्याला मारहाणीत लोटलं नाही. आणि महायाजकासमोर गालात मारली गेली तेव्हा ‘मला का मारतोस?’ असं त्याने सरळ विचारलं (योहान १८:२३). घरात हिंसा असेल तर सुरक्षित जागी जाणं, नातलगांना सांगणं आणि पोलिसांची मदत घेणं हे सगळं करावं. सहनशीलता म्हणजे म्हाताऱ्या सासऱ्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी ऐकून घेणं, मुलाला गणित समजेपर्यंत थांबणं, पाण्याच्या रांगेत आपली पाळी धरणं. या दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये.

दोष घडून गेला आणि दुसरा दुखावला गेला, तर ठिपका पुरत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो की वेदीजवळ असताना आठवलं तरी अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर (मत्तय ५:२३-२४). माफी मागण्याचीही रीत असते. काय केलं ते नेमकं सांगायचं, ते चूक होतं म्हणायचं, क्षमा मागायची आणि थांबायचं: ‘सकाळी सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडले. ते चुकलं. मला माफ कर.’ यापुढे ‘पण’ आला की माफी परत घेतल्यासारखी होते. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको, कारण त्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर ढकलला जातो. मुलांची माफी थेट मुलांकडे मागावी, आणि ओरडणं चारचौघांत झालं असेल तर माफीही चारचौघांत. नुकसान झालं असेल तर भरून द्यावं. येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट द्यायला उठला होता, आपण निदान जेवढ्यास तेवढं द्यावं.

दुखावले गेलेले आपण असू, तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाळावा: आधी एकांतात त्याच्याशी बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, त्यानंतर मंडळीला कळवा. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. व्हॉट्सअॅपच्या गटावर आधी, मग महिला समाजात, आणि त्या माणसापर्यंत गोष्ट शेवटी, तीही तिसऱ्याच्या तोंडून. क्षमा केल्यावर लगेच भरवसा ठेवलाच पाहिजे असं मात्र नाही. क्षमा आपण आज देऊ शकतो, भरवसा त्या माणसाच्या पुढच्या वागण्यावर बसतो.

हे सगळं बायबलच्या वचनाशिवाय कोरडं पडतं. पण वचनवाचनही बहुतेकांचं फेब्रुवारीत बंद पडतं. १ जानेवारीला उत्पत्तीपासून रोज तीन अध्याय धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ३० दिवस होतात, आणि ३१ जानेवारीला लेवीय सुरू होतं. होमार्पणाच्या नियमांत नवा वाचक अडकतो आणि अपराधी वाटून सगळंच सोडतो. त्याऐवजी नव्या करारापासून सुरुवात करावी. त्यात २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज एक धरला तर बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेलं भरून काढायला आणि रविवार उपासनेतल्या शास्त्रपाठाला. मार्कपासून घ्या, १६ अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. मोठ्याने वाचा. एक ओळ पेन्सिलीने खूण करा आणि एवढंच विचारा: हिच्यामुळे आज संध्याकाळच्या आत मी काय करणार? उपासना हिंदीत असली, मुलांची शाळा इंग्रजीत असली तरी घरचं वाचन आणि आत्मपरीक्षण मराठीत असावं. राग मराठीत येत असेल तर कबुलीही मराठीतच खरी होते.

कौटुंबिक प्रार्थना बारा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. भजनाची दोन कडवी, साधारण दहा ओव्यांएवढा शास्त्रभाग, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. जेवणाआधी घ्यावी, नंतर मुलं पेंगतात. वडिलांनी प्रवचन करू नये. आणि प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत. ‘प्रभू, या घरातल्या काहींना वेळेवर उठायची सुबुद्धी दे’ ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे मुलांनाही कळतं. त्यातून ती एकच गोष्ट शिकतात, की प्रार्थना हे बोलून घ्यायचं साधन आहे.

उपासाबद्दल थोडक्यात. गुरुवारच्या रात्रीच्या जेवणापासून शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणापर्यंत, म्हणजे सकाळचे पोहे आणि दुपारचं जेवण सुटतं, पाणी चालू. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वेळेवर औषधं घेणाऱ्यांनी हा उपास करू नये. त्यांनी मोबाईल किंवा चहा सोडावा. उपास करून सराफ्याच्या खाऊबाजारात साबुदाण्याची खिचडी खायला गेलो तर पदार्थ बदलला, भूक राहिलीच नाही. सुटलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढून भुकेल्यासाठी द्यावेत, यशयाच्या ५८ व्या अध्यायातला उपास तसाच आहे. आणि शुक्रवारी दुपारी चिडचिड होणार हे धरूनच चालावं. त्या दिवशी वहीत ठिपके जास्त दिसले तर नवल नाही.

चार आठवडे झाले की चार पानं शेजारी ठेवा. ठिपके निम्म्याच्या खाली आले असतील, तर घरातल्या एका माणसाला सरळ विचारा: ‘गेल्या महिन्यात माझ्या वागण्यात काही फरक जाणवला का?’ कुठला दोष धरला होता ते आधी सांगू नका. त्यांना जाणवला असेल तर पुढचा दोष घ्या आणि जुन्याकडे तीन महिन्यांनी एक आठवडा परत पाहा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, तोच दोष आणखी चार आठवडे चालू ठेवा, फक्त बदली कृती बदलून पाहा, कारण बरेचदा चुकलेली तीच असते. आजारपणात, लग्नघरात किंवा प्रवासात खंड पडला तर राहिलेल्या ओळी आठवून भरू नयेत, कोऱ्या सोडाव्यात आणि ज्या दिवशी परत बसू त्या दिवसापासून सुरू करावं. भरलेली वही साठवून ठेवू नये, फाडून टाकावी. तिच्यात आपल्याबरोबर इतरांच्याही गोष्टी आलेल्या असतात, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडायला नकोत.